कैद्याचं काम बायकोकडे होतं

मी फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालो. तुमसरात लोक मला सुभेदार म्हणतात. सुरुवातीला प्रत्येकाला दुरुस्त करत होतो, मग कंटाळून सोडून दिलं. आता एका राइस मिलच्या वजनकाट्यावर बसतो. भरलेल्या ट्रकचं वजन, रिकाम्या ट्रकचं वजन आणि दोन्हींतला फरक, एवढंच काम. काट्यावर बसणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते. धान ओला असताना जितका भरतो तितका वाळल्यावर भरत नाही. तो कुणी चोरलेला नसतो, नुसता पडून असतो, तरी कमी होतो. आम्ही त्याला घट म्हणतो.

भाषेतही घट येते. फौजेनं मला तिबेटी शिकवली होती. मी ती मागितली नव्हती, पंगतीत बसल्यावर पानात पडतं तशी पडली. माझ्या शेजारच्या खाटेवरच्याला चिनी मिळाली, मला तिबेटी. शिकून झाल्यावर मी वर डोंगरात दुभाष्या झालो. पण एकदा पास झालं म्हणजे संपलं असं नव्हतं. ठरावीक काळानं परत परीक्षा होई आणि तीत नापास झालं की दुभाष्याचं काम काढून घेत. मग पुन्हा कोठारात पिठाची पोती मोजणं आलं. पोती मोजायला माझी ना नव्हती, पण गावाकडे सगळ्यांना सांगून झालं होतं की आपला माणूस परदेशी भाषा बोलतो.

अडचण सुट्टीची होती. लांब सुट्टीवर घरी आलो की तिबेटी बोलायला कोणी नसे. नाही म्हणायला आमच्या जिल्ह्याच्या टोकाला एक तिबेटी वसाहत होती. जिल्हा फुटल्यावर ती शेजारच्या जिल्ह्यात गेली. तिथले लोक हिवाळ्यात तुमसरला स्वेटर विकायला यायचे. मी एकदोनदा त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलून पाहिलं. ते हसले आणि हिंदीत म्हणाले, "साइज बताओ, भैया." त्यांची हिंदी माझ्या तिबेटीपेक्षा चांगली होती. पुन्हा गेलो नाही.

म्हणून मी बायकोला कामाला लावलं.

आमच्या शिक्षणात सवाल-जवाबांची एक साखळी होती. सीमेवर अनोळखी माणूस सापडला तर काय विचारायचं, कोणत्या क्रमानं विचारायचं, आणि तो साधारण काय उत्तर देईल, हे त्यात पाठ करून घेत. परीक्षेत हाच भाग मोठा असे. सवाल माझे, आणि कैद्याची उत्तरं मी बायकोकडून पाठ करून घेतली. तिला अर्थ एकदा सांगितला. पुढे ती नुसत्या कानावर बोलायची. सकाळी ती अंगणात तांदूळ निवडत बसली की मी समोर ताठ उभा राहायचो.

"कुठून आलास?" मी तिबेटीत विचारायचो.

"डोंगरापलीकडून," सुपातून नजर न काढता ती तिबेटीतच म्हणायची, पण आपल्या झाडीपट्टीच्या हेलात.

"किती जण आहात?"

"मी एकटाच आहे."

"सोबत काय आणलंस?"

"मीठ आणि लोकर."

"तुला कोणी पाठवलं?"

"मला काही ठाऊक नाही. आम्ही याक राखणारी माणसं."

इथे माझे सवाल संपायचे. कैद्याचं मात्र एक वाक्य उरायचं, ते तो आपणहून बोलायचा: "माझा पाय दुखतो. मला पाणी द्या." ते ऐकायला मी थांबायचो नाही. माझा भाग झालेला असायचा. मी टॉवेल घेऊन न्हाणीकडे निघालो की मागून बायको तिच्या बोलीत म्हणायची, "अवो, पाणी तरी द्या त्याले! रोज मांगते बिचारा, अन् तुमी रोज आंग धुवाले चालले जाता."

"त्याला पाणी देणं माझ्या कामात येत नाही."

"मंग कोनाच्या कामात येते जी?"

"दुसऱ्या कोणाच्या तरी."

"बाप्पा! एवढी मोठी फौज, अन् गिलासभर पान्याले मानूस नाही."

यावर मी हसायचो. सगळ्या परीक्षा मी पास झालो. प्रत्यक्षात वर डोंगरात मला वाट चुकलेले काही गुराखी तेवढे भेटले, आणि त्यांना चहा पाजून परत पाठवलं गेलं. चहा दुसरे जवान द्यायचे. मी सवाल विचारायचो.

निवृत्तीनंतर परीक्षा उरली नाही, तरी मी सराव सोडला नाही. सवय होती, आणि घट येऊ द्यायची नव्हती. मिलमध्ये मी अधूनमधून सांगायचो की माझी भाषा जशी घेतली तशीच्या तशी आहे, एक टक्का कमी नाही. हमाल मला चिनी सुभेदार म्हणायचे. त्यातही मी दोन चुका दाखवायचो, चिनी नाही आणि सुभेदारही नाही. पण मनातून बरं वाटायचं.

अशी गावभर ख्याती झाल्यामुळेच त्या जानेवारीत मला रुग्णालयातून बोलावणं आलं.

त्या वर्षी बाजारात स्वेटरचं एकच दुकान लागलं होतं. एक तिबेटी बाई आणि तिची म्हातारी आई. मुलगी आणखी माल आणायला साकोलीच्या एसटीनं वसाहतीकडे गेली होती आणि तिचा फोन लागत नव्हता. तिच्या मागे म्हातारी पोट धरून बसली, मग ओकली. शेजारच्या चादरवाल्यानं तिला ऑटोत घालून रुग्णालयात आणलं. म्हातारीची हिंदी "लो", "देखो" आणि "गरम है" यापलीकडे जात नव्हती. डॉक्टर तरुण होते, नव्यानंच आलेले. त्यांना कुणीतरी सांगितलं की राइस मिलच्या काट्यावर एक सुभेदार आहे, त्याला यांची भाषा येते.

निरोप आला तेव्हा काट्यावर ट्रक उभा होता. मी मालकांना सांगितलं, ते लगेच म्हणाले, जा. रुग्णालय मिलपासून जवळ होतं. तरी मी आधी घरी गेलो. इस्त्रीचा शर्ट घातला, बुटांवर फडकं मारलं. आरशासमोर उभं राहून साखळी एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून पाहिली. एकही शब्द अडला नाही. बायको शेजारी हळदीकुंकवाला गेली होती. ती घरात नाही याचं वाईट वाटलं. तिनं पाहायला हवं होतं असं वाटलं.

म्हातारी खाटेवर पाय पोटाशी घेऊन कुशीवर पडली होती. कपाळावर घाम होता. उशाशी कापडी पिशवी होती आणि तिचा बंद तिनं मनगटाला गुंडाळला होता. डॉक्टर म्हणाले, "बरं झालं आलात. विचारा त्यांना, कुठं दुखतंय, कधीपासून, काही औषध घेतलंय का?"

मी खाटेच्या पायाशी उभा राहिलो, जसा नेहमी उभा राहायचो तसा. आणि माझ्या लक्षात आलं की कुठं दुखतं, हा सवाल मला येत नाही. माझ्या साखळीत तो नव्हताच, आणि साखळीबाहेरचं सगळं घटीत गेलं होतं. माझ्या कैद्याचा पाय दुखायचा, पण ते तो न विचारताच सांगायचा. मला कधी विचारावं लागलं नव्हतं.

तिथंच डॉक्टरांना म्हणायला हवं होतं की साहेब, मला हे येत नाही. दारात सिस्टर उभी होती, चादरवाला उभा होता. मी म्हणालो नाही. वाटलं, पहिल्यापासून सुरुवात केली की पुढचं आपोआप येईल. परीक्षेत तसंच यायचं.

मी मोठ्यानं विचारलं, "कुठून आलीस?"

म्हातारीनं डोळे उघडले. आधी माझ्या बुटांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. हात टेकून उठून बसली. दुखत असताना बसली.

"डोंगरापलीकडून," ती म्हणाली.

मला कळलं! शब्दन् शब्द कळला. इतक्या वर्षांनी, खऱ्याखुऱ्या माणसाचं. मी डॉक्टरांकडे पाहून मान हलवली.

"किती जण आहात?"

"मी एकटी आहे."

"काय म्हणतात?" डॉक्टरांनी विचारलं.

"एकट्या आहेत."

"ते ठाऊक आहे. दुखण्याचं विचारा."

"येतो त्यावर," मी म्हणालो. साखळी मधूनच तोडता येईना. "सोबत काय आणलंस?"

तिनं मनगटाचा बंद सोडला आणि पिशवी खाटेवर पालथी केली. एक जपमाळ, कंगवा, चुरगळलेला रुमाल, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला ओळखीचा कागद. तो कागद तिनं दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. मागून गोळ्यांच्या पट्ट्या घरंगळल्या, बऱ्याचशा रिकाम्या.

मी विचारलं, "तुला कोणी पाठवलं?"  चौथा सवाल तो होता म्हणून विचारलं.

तिची मान खाली गेली. "मला काही ठाऊक नाही," ती म्हणाली. "आम्ही याक राखणारी माणसं."

माझ्या अंगावर काटा आला. पण तो तेव्हा अभिमानाचा होता. हे वाक्य मी अंगणात इतक्यांदा ऐकलं होतं की वाटलं, शिकवणाऱ्यांनी किती बरोबर शिकवलं! डॉक्टरांनी पुन्हा विचारलं तेव्हा मी सांगूनही टाकलं, "म्हणतात की आम्ही याक राखतो."

"याक?" सिस्टर हसली. "इथं तुमसरात?"

डॉक्टरांचं मात्र लक्ष पट्ट्यांकडे गेलं होतं. त्यांनी एक उचलून वाचली. "या गुडघेदुखीच्या गोळ्या. किती खाल्ल्यात या बाईंनी! तेही उपाशीपोटी असणार. पोटात जखम झाली असेल." ते सिस्टरला भराभर काय काय आणायला सांगू लागले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "थँक यू, सुभेदार साहेब. तुम्ही पिशवी उघडायला लावली म्हणून कळलं. नाहीतर आम्ही अंधारात चाचपडलो असतो."

सुभेदार नाही, हवालदार, असं मी म्हणालो नाही.

म्हातारी पट्ट्यांकडे पाहत नव्हती. ओळखीचा कागद अजून तिच्या हातात होता. मी तो घेतला नाही, म्हणून तिनं हात आणखी पुढे केले. तेव्हा मला कळलं की ही रुग्णालयात नाहीच. ती दुसऱ्याच कुठल्या तरी ठिकाणी बसली आहे, आणि तिथं तिला मी नेलं आहे. तिला आडवी करून सलाइन लावेपर्यंत कागद हातातच होता. "घाबरू नका" हे कसं म्हणायचं तेही मला येत नव्हतं.

मी व्हरांड्यात बसून राहिलो. संध्याकाळी तिची मुलगी आली. कपाळाला धूळ, हातात तशीच गाठोडी. आईपाशी बराच वेळ थांबली, मग बाहेर येऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"बाबूजी, आप पुलिस में थे?"

"नहीं. फौज में."

"अच्छा." तिनं कपाळाची धूळ पुसली. "अम्मा पूछ रही है, कब छोड़ेंगे. मैंने बोला, अस्पताल है, कोई पकड़ा नहीं. मानती नहीं. बोलती है, वही सवाल था. वैसे ही, एक के बाद एक."

मग तिनं थोडक्यात सांगितलं. आई ऐन उमेदीत, बर्फातून चालत निघाली होती. वाटेत कुठल्याशा चौकीवर तिला बसवून ठेवलं होतं. कोणत्या, ते आईनं तिलाही कधी सांगितलं नाही. एवढंच म्हणायची की विचारणारा पायांपाशी ताठ उभा राहायचा आणि उत्तर दिलं तरी पुन्हा पहिल्यापासून विचारायचा.

"आपने तो अच्छे के लिए पूछा," ती म्हणाली. "डॉक्टर साब बोले, आपके कारण पता चला."

ती रागावली असती तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती भांडी घासत होती. हात थांबले.

"म्हंजे मी बोलतो तसंच बोलली का थे?" आमच्याकडच्या जुन्या बाया स्वतःबद्दलही 'बोलतो' म्हणतात, ती अजून तसंच बोलते.

"तसंच. शब्दाला शब्द."

"अन् पाणी? थे मांगलं का तिनं?"

"नाही. तिथपर्यंत गेलं नाही. तिनं मागितलं नाही."

बायकोनं उरलेली भांडी घासून टाकली. सकाळी तिनं तांदळाची पातळ पेज केली, डब्यात भरली, आणि म्हणाली, "चाला, मी येतो संगं."

मुलगी औषधं आणायला गेली होती. म्हातारीला बरं वाटत होतं, डोळे उघडे होते. मी दारातून आत पाऊल टाकलं. तिनं मला पाहिलं आणि तिचा हात उशाशी गेला. पिशवी चाचपून तिनं बंद सोडायला सुरुवात केली. मी काही विचारलं नव्हतं.

मी मागे सरलो. व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा राहिलो. तिथून आतलं दिसत नव्हतं, ऐकू येत होतं.

आत बायकोनं डबा ठेवल्याचा आवाज आला. मग तिला जे येत होतं ते ती बोलली. तिबेटी, झाडीपट्टीच्या हेलात: "मी एकटाच आहे."

खाट करकरली.

"मला काही ठाऊक नाही. आम्ही याक राखणारी माणसं," बायको म्हणाली. आणि मग, जे ऐकायला मी कधी थांबलो नव्हतो ते: "माझा पाय दुखतो. मला पाणी द्या."

म्हातारीनं काहीतरी विचारलं. बायकोला अर्थातच कळलं नाही. तिला पुढचं वाक्य येत नव्हतं म्हणून तिनं मागचं एक उचललं, "मीठ आणि लोकर." त्यावर म्हातारी हसली. हसताना पोट दुखलं असावं, कारण मध्येच कण्हली आणि पुन्हा हसली. मग भांड्यात पाणी ओतल्याचा आवाज आला. बायको तिच्याशी सरळ आमच्या बोलीत बोलायला लागली. "हे पेज आहे, आई. गरम आहे. जराशीक घ्या." म्हातारी तिच्या भाषेत बोलत होती. दोघींना एकमेकींचं काही समजत नव्हतं आणि कोणी थांबतही नव्हतं. मी बाहेरच उभा राहिलो. मला तिथल्या दोन्ही भाषा येत होत्या, आणि आत जायची सोय नव्हती.

परत येताना बायको म्हणाली, "तिचा पाय बी दुखते. गुडघे दाखोले मले. बिचारी थंडीत जमिनीवर बसून राह्यते."

"तुला कसं कळलं?"

"हातानं दाखोलं ना जी."

घरी तिनं सांगून टाकलं की यापुढे ती कैदी होणार नाही. मीही तिला तसं सांगणार नव्हतो. सकाळी सराव थांबला तो थांबलाच. काट्यावर कोणी भाषेचं काढलं तर मी पावती फाडून पुढच्या ट्रकला बोलावतो.

तरी एक सवाल मला शिकायचा होता. दुसऱ्या दिवशी मुलगी स्वेटरच्या दुकानात एकटी असताना मी गेलो आणि विचारलं की "तुम्हाला कुठं दुखतं" हे तुमच्यात कसं म्हणतात. आईला म्हणतात तसं, आदरानं. तिनं सांगितलं. मी म्हणून दाखवलं. तिनं मान हलवली, पुन्हा सांगितलं. "धीरे, बाबूजी. आप ऑर्डर दे रहे हैं." गिऱ्हाईक येत होतं, जात होतं. मी बाजूला उभा राहून म्हणत होतो. शेवटी ती म्हणाली, "हां. अब ठीक."

म्हातारीला रुग्णालयातून सोडलं त्या दिवशी मुलगी तिला वसाहतीत पोचवायला निघाली. मी आणि बायको एसटी स्टँडवर गेलो. म्हातारी खिडकीशी बसली होती. पिशवी मांडीवर होती. मला पाहून तिचे हात पिशवीवर घट्ट झाले. मी बूट घातले नव्हते, मुद्दाम चपलेत गेलो होतो. खिडकीखाली उभं राहिल्यामुळे मला मान वर करून बोलावं लागलं. मी सावकाश विचारलं, तुम्हाला कुठं दुखतं?

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग पिशवीवरचा एक हात निघाला. तो गुडघ्याकडे गेला, मग पोटाकडे, मग छातीवर थांबला आणि ती बोलायला लागली. हळू आवाजात, न थांबता. एकदा डोळे पुसले, एकदा बाहेर लांब कुठेतरी बोट दाखवलं. कंडक्टरनं घंटी दिली तरी बोलत होती. मी मान हलवत होतो. गाडी निघाल्यावर तिनं खिडकीतून वाकून आणखी काही सांगितलं.

धूळ बसल्यावर बायकोनं विचारलं, "काय म्हणली जी एवढं?"

मी खरं ते सांगितलं. "नाही समजलं. एक शब्द नाही."